पुऱ्याची शेणाची वीज : एका सामुदायिक गोबरगॅस प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

कर्नाटकात तुमकुरू जिल्ह्यातल्या कुणिगल तालुक्यात पुरा नावाचे एक लहान गाव आहे. 1987 च्या सप्टेंबरपासून या गावात संध्याकाळी जे दिवे लागत, त्यांची वीज गावातल्याच गुरांच्या शेणापासून तयार होत असे, आणि त्याच विजेवर चालणारा पंप कूपनलिकेचे पाणी उपसून नळांना देत असे. गाव सुमारे 80 ते 90 घरांचे, वस्ती साडेचारशेच्या आसपास आणि लहानमोठी गुरे अडीचशेच्या घरात. एवढ्याशा गावातला 5 किलोवॅटचा एक जनित्रसंच पुढे देशोदेशींच्या ऊर्जा अभ्यासकांच्या लिखाणात पुन्हा पुन्हा का येत राहिला, हे समजून घ्यायचे तर यंत्राआधी गावाचा हिशेब पाहावा लागतो, कारण या प्रकल्पातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय यंत्राविषयी नव्हता. हाताशी असलेला मोजका गॅस कोणत्या कामासाठी वापरायचा, या प्रश्नाचे उत्तर आधी चुकले आणि मग सापडले. हा अभ्यास मुख्यतः त्या उत्तराचा आहे.

प्रकल्पामागे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतला एक गट होता. ग्रामीण भागासाठी विज्ञान आणि तंत्रज्ञानाचा उपयोग व्हावा या हेतूने 1974 मध्ये तेथे ‘अस्त्र’ या आद्याक्षरी नावाचा विभाग सुरू झाला. प्रा. अमूल्य रेड्डी हे त्याचे प्रणेते. विद्युत-रसायनशास्त्रात जगभर नाव असलेल्या या प्राध्यापकाने आपली पुढची वर्षे चूल, सरपण, शेण आणि गावातला दिवा या विषयांना दिली, याचे मला आजही मोल वाटते. कुणिगल तालुक्यातल्याच उंग्रा गावी या गटाने आपले विस्तार केंद्र उभारले आणि 1970 च्या दशकात आसपासच्या सहा गावांचा घरोघरी जाऊन ऊर्जा-अभ्यास केला. पुरा हे त्या सहांपैकी एक.

गावाचा ऊर्जा-ताळेबंद

त्या पाहणीतून दिसलेले चित्र आज वाचतानाही विचारात पाडते. गावात वापरल्या जाणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी जवळजवळ नऊ-दशांश वाटा सरपणाचा होता, त्याखालोखाल माणसांच्या अंगमेहनतीचा, आणि रॉकेल, बैल व वीज यांचा मिळून उरलेला थोडासा. बहुतेक सगळी ऊर्जा घरकामावर, त्यातही स्वयंपाकावर खर्च होत होती. सरपण गोळा करणे, पाणी भरणे, चुलीपुढे बसणे ही कामे बायका आणि मुले करत, म्हणजे गावाचा ऊर्जापुरवठा प्रत्यक्षात त्यांच्या पायांवर आणि डोक्यावरच्या ओझ्यावर चालला होता. नियोजनकारांच्या कोष्टकांत मात्र कोळसा, तेल आणि वीज एवढेच रकाने असत. अंगमेहनतीचा आणि सरपणाचा रकाना मांडून तो भरण्याचे काम या पाहणीने केले.

पिण्याचे पाणी उघड्या तळ्यातून आणले जाई आणि ते दूषित असे. गावात सरकारी विजेचे खांब आधीच पोहोचले होते, पण जोडणी निम्म्याहून कमी घरांत होती, आणि ज्यांच्याकडे होती त्यांचे दिवेही कमी-जास्त होणाऱ्या दाबामुळे मिणमिणत असत. उरलेल्या घरांत रॉकेलची चिमणी होती. शेण उकिरड्यात जाई आणि पेरणीआधी शेणखत म्हणून शेतात पडे. उत्तर भारतातल्या अनेक गावांत शेणाच्या गोवऱ्या थापून जाळतात तसे पुऱ्यात मुख्यत्वे होत नव्हते. हा मुद्दा लक्षात ठेवायला हवा, कारण येथे शेण हा टाकाऊ माल नव्हता. ते प्रत्येक घराच्या शेतीचे भांडवल होते आणि गॅससाठी मागताना ते परत देण्याची हमी आधी द्यावी लागणार होती.

पहिला बेत : स्वयंपाकाचा गॅस

गावाची नऊ-दशांश ऊर्जा चुलीत जाते हे एकदा कळल्यावर गोबरगॅस चुलीलाच द्यावा, असे कोणालाही वाटेल. देशातला सगळा गोबरगॅस कार्यक्रम याच विचारावर उभा होता. खादी व ग्रामोद्योग आयोगाने तरंगत्या लोखंडी झाकणाचे जे संयंत्र 1960 च्या दशकापासून गावोगाव नेले, ते घरच्या शेगडीसाठीच होते, आणि महाराष्ट्रात कोल्हापूर-सांगलीकडच्या गावांत गोठ्याशेजारी दिसणारी संयंत्रेही स्वयंपाकासाठीच आहेत. पुऱ्यातही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सामुदायिक संयंत्राचा पहिला बेत घरोघरी स्वयंपाकाचा गॅस पुरवण्याचाच होता. तो यशस्वी झाला नाही, कारण गॅस पुरला नाही.

गॅस का पुरला नाही, हे साध्या आकडेमोडीने कळते. माणशी रोजच्या स्वयंपाकाला ढोबळमानाने पाव घनमीटर गॅस लागतो. साडेचारशे माणसांना म्हणजे रोज 110 घनमीटरच्या वर गॅस हवा. गुरे अडीचशे. पुस्तकात मोठ्या जनावरामागे रोज 10 किलो शेण धरलेले असते, आणि त्या मापाने अडीच टन शेण मिळायला हवे. पण पुऱ्याची गुरे लहान चणीची, त्यांत वासरेही आलीच, आणि दिवसभर रानात चरणारी. रानात पडलेले शेण गोठ्यात येत नाही. प्रत्यक्षात हाती लागू शकणारे शेण जनावरामागे 5 किलोच्या आसपास, म्हणजे रोज सव्वा टन. एवढ्या शेणातून या संयंत्रांना सुमारे 42.5 घनमीटर गॅस मिळण्याची अपेक्षा धरता येत होती. गरजेच्या निम्माही नाही.

अशा वेळी तुटवड्याची वाटणी करावी लागते, आणि तेथेच सामुदायिक संयंत्रे मोडतात. गॅस अर्धाच मिळणार असेल तर प्रत्येक घराला चूल आणि सरपण ठेवावेच लागते. मग गॅसने वाचवले काय, असा प्रश्न घरातली बाई विचारते आणि तो रास्त असतो. ज्याच्याकडे चार गुरे आहेत त्याला वाटते की शेण माझे जास्त, तेव्हा गॅसही मला जास्त मिळावा. ज्याच्याकडे एकही जनावर नाही त्याला गॅस कोणत्या हक्काने द्यायचा, हा वाद निघतो. शेण येणे कमी होते, त्यामुळे गॅस आणखी घटतो, आणि गॅस घटला म्हणून शेण आणखी कमी येते. त्या काळी देशात उभारलेली बरीच सामुदायिक संयंत्रे शेणाअभावी थंडावली, त्यामागे यंत्राचा दोष क्वचितच होता.

गॅस कशासाठी

या अपयशानंतर या गटाने गावाशी पुन्हा बोलणे केले आणि गावाची पहिली गरज पिण्याच्या स्वच्छ पाण्याची आहे, हे पुढे आले. पाणी उपसायला वीज हवी, वीज करायला इंजिन हवे, आणि इंजिन गॅसवर चालू शकते. इंजिन आणि जनित्र बसवायचेच तर संध्याकाळी त्यावर दिवेही लागू शकतात. बेत असा उलटून गेला आणि आकडे एकदम जुळले.

हा हिशेब सविस्तर मांडण्याजोगा आहे. लहान दुहेरी इंधनाच्या इंजिनावर एक युनिट वीज करायला साधारण 0.6 घनमीटर गॅस आणि थोडे डिझेल लागते. पाच माणसांच्या कुटुंबाला दिवसभराच्या स्वयंपाकासाठी सव्वा घनमीटर गॅस लागतो. तेवढ्याच गॅसवर दोन युनिट वीज होते. 20 वॅटची ट्यूब, चोकचा खप धरून 30 वॅट समजली आणि ती तीन तास जळली, तर तिला एका संध्याकाळी 90 वॅट-तास लागतात. म्हणजे एका घराची चूल जेवढ्या गॅसवर पेटते तेवढ्या गॅसमध्ये वीसहून अधिक ट्यूब संध्याकाळभर उजळतात. एका ट्यूबचा प्रकाश रॉकेलच्या वातीच्या दिव्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त आणि धूरही नाही. गावातल्या 100 ट्यूब एकदम लावल्या तरी भार 3 किलोवॅटच्या आसपास राहतो आणि त्यांना रोज सहा घनमीटरच्या आत गॅस पुरतो. पंपाचे तास त्यात मिळवले तरी सव्वा टन शेणाची गरजच राहत नाही. चुलींसाठी जो गॅस निम्माही पडत नव्हता, तो दिवे आणि पाणी यांसाठी पुरून उरणारा ठरला.

येथे एक शास्त्रीय आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. गॅस शेगडीत जाळला तर त्यातली निम्म्याहून अधिक उष्णता भांड्याला मिळते, पण इंजिन आणि जनित्रातून वीज केली तर जेमतेम पाव ऊर्जा विजेच्या रूपाने हाती येते आणि उरलेली रेडिएटर व धुराड्यातून निघून जाते. केवळ कार्यक्षमतेच्या दृष्टीने पाहिले तर गॅसची वीज करणे हा अपव्यय आहे. पण स्वयंपाकाला सरपणाचा पर्याय होता, भले तो कष्टाचा असो. पाणी खोलातून वर आणायला आणि मुलाला रात्री वाचता येईल इतका उजेड द्यायला सरपणाचा काही उपयोग नव्हता. जी कामे दुसऱ्या कशानेही नीट होत नाहीत, त्यांच्यासाठी दुर्मीळ वस्तू राखून ठेवावी, हा सर्वसाधारण शहाणपणा येथे कार्यक्षमतेच्या आकड्याला भारी पडला, आणि माझ्या मते तो निर्णय बरोबर होता. चुलीचा प्रश्न त्याच गटाने वेगळ्या वाटेने हाताळला. ‘अस्त्र ओले’ या नावाने त्यांनी धूर बाहेर काढणारी आणि सरपण वाचवणारी सुधारित चूल तयार केली, जी कर्नाटकात मोठ्या संख्येने बसवली गेली. (कन्नडमध्ये चुलीला ‘ओले’ म्हणतात.)

संयंत्र, इंजिन आणि वाळूचे गाळणे

संयंत्राचे मूळ तत्त्व सर्वपरिचित आहे. शेणात तितकेच पाणी घालून काला करायचा, तो हवाबंद खड्ड्यात सोडायचा आणि जिवाणूंना काम करू द्यायचे. एक प्रकारचे जिवाणू सेंद्रिय पदार्थ फोडून त्यांची आम्ले करतात आणि दुसरे त्या आम्लांपासून मिथेन करतात. तयार होणाऱ्या वायूत मिथेनचा भाग साधारण 55 ते 65 टक्के असतो, उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड आणि थोडासा हायड्रोजन सल्फाइड. पुऱ्यात तरंगत्या झाकणाची दोन संयंत्रे होती. आयोगाच्या संयंत्रांचा अभ्यास करून ‘अस्त्र’ने जो आराखडा केला त्यात खड्डा कमी खोल आणि अधिक रुंद होता, त्यामुळे बांधकाम स्वस्त पडे. दोन संयंत्रे असण्याचा फायदा असा की एकाची दुरुस्ती काढली तरी गाव अंधारात बसत नाही.

इंजिन 7 अश्वशक्तीचे साधे डिझेल इंजिन होते, जे शेतकरी विहिरीवर वापरतो त्याच जातीचे, आणि त्याला 5 किलोवॅटचे जनित्र जोडलेले. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेट घेते. बायोगॅस पेटायला त्याहून बरेच जास्त तापमान लागते, म्हणून निव्वळ गॅसवर हे इंजिन चालत नाही. हवेबरोबर गॅस आत घेऊन शेवटी थोडे डिझेल फवारले की ते डिझेल पेटते आणि गॅसला पेटवते. या पद्धतीने डिझेलची गरज मूळच्या 15-20 टक्क्यांवर येते. हे उरलेले डिझेल गावाबाहेरून विकत आणावे लागते आणि व्यवस्थेचे परावलंबन तेवढे उरतेच. मात्र त्यातून एक सोयही मिळते : एखाद्या दिवशी गॅस कमी पडला तर त्याच इंजिनावर डिझेल वाढवून पाणी आणि दिवे चालू ठेवता येतात. गॅसमधल्या हायड्रोजन सल्फाइडने इंजिनाचे भाग गंजतात आणि वंगण तेल लवकर खराब होते, त्यामुळे तेल वेळच्या वेळी बदलणे आणि नळीत साचणारे पाणी रोज काढून टाकणे ही कामे चुकवता येत नाहीत.

या सगळ्यात मला सर्वांत विचारपूर्वक वाटलेला भाग वाळूच्या गाळण्यांचा आहे. शेणात तितकेच पाणी मिसळल्यामुळे संयंत्रातून बाहेर पडणारी मळी पातळ असते आणि आत टाकलेल्या शेणाच्या जवळजवळ दुप्पट भरते. एक पाटी शेण घेऊन आलेल्या बाईने दोन पाट्या भरतील एवढी गळकी मळी परत न्यायची, हे होणे शक्य नव्हते, आणि मळी परत गेली नाही तर दुसऱ्या दिवशी शेण आले नसते. म्हणून मळी वाळूच्या थरावर पसरून तिच्यातले पाणी निथळू दिले जाई. वर राहिलेला घट्ट भाग पूर्वीच्या शेणाइतकाच दाट असे आणि पाटीतून नेता येई. खाली निथळलेले पाणी पुन्हा नव्या शेणाचा काला करायला वापरत, ज्यामुळे पाण्याची बचत होई आणि त्यातले जिवंत जिवाणूही परत कामाला लागत. प्रयोगशाळेत बसून कोणी हा भाग आखला नसता. पाटी कोणाच्या डोक्यावर आहे हे पाहिल्यावरच तो सुचतो.

परत मिळणाऱ्या मळीचा दर्जा हाही निर्णायक मुद्दा होता. संयंत्रात शेणातला कार्बन गॅसच्या रूपाने निघून जातो, पण नत्र मळीतच राहते. उकिरड्यात मात्र ऊन-पावसात नत्राचा बराच भाग अमोनिया होऊन उडतो किंवा वाहून जातो. त्यामुळे संयंत्रातून आलेले खत उकिरड्यातल्या शेणखतापेक्षा नत्राने अधिक समृद्ध होते, आणि त्यातून तणाचे बीही कमी उगवते. शेतकऱ्याने शेण दिले तेव्हा त्याचे काहीही गेले नाही, उलट खत सुधारून आले.

शेणाचा हिशेब

संयंत्रावर येणारे शेण रोज तोलले जाई आणि त्याची नोंद घराच्या पुस्तिकेत होई. जेवढे शेण, त्या प्रमाणात मळी परत. त्याशिवाय शेण आणून मळी परत नेणाऱ्याला शेणाच्या दर किलोमागे 2 पैसे वाहतुकीची मजुरी दिली जाई. 20 किलोच्या पाटीचे 40 पैसे, म्हणजे रक्कम लहानच. पण तिची रचना पाहण्यासारखी आहे. पैसे शेणाच्या मालकाला मिळत नव्हते, कारण त्याचे शेण खत होऊन परत गेले होते. पैसे वाहून नेण्याच्या कष्टाचे होते आणि ते कष्ट करणाऱ्याच्या हातात पडत. हे काम मुख्यतः बायका आणि मुले करत असल्यामुळे घरातल्या पुरुषाच्या हातून न जाणारा थोडासा रोख पैसा त्यांच्याकडे येऊ लागला. ज्या घरात जनावर नव्हते त्या घरातली व्यक्तीही दुसऱ्याचे शेण वाहून ही मजुरी मिळवू शकत होती. गुरे असलेले आणि नसलेले यांच्यातली जी तेढ स्वयंपाकाच्या गॅसच्या वेळी उभी राहते, तिची धार या एका तरतुदीने बरीच बोथट झाली.

दिवे आणि नळ मात्र सर्वांना सारख्याच दराने मिळत. ट्यूबमागे आणि नळामागे महिन्याला ठरावीक रक्कम घरांनी भरायची, गुरे किती आहेत याचा तिथे संबंध नाही. संयंत्र चालवणे, इंजिनाची देखभाल, शेणाची नोंद आणि पैसे वसूल करणे ही कामे गावातल्याच दोन तरुणांकडे पगारावर सोपवली होती, आणि कारभार गावाने निवडलेली ग्रामविकास समिती पाहत असे. पैसे थकले तर जोडणी तोडण्याचा अधिकार समितीला होता. गावातल्या माणसाने गावातल्याच माणसाचा दिवा तोडणे सोपे नसते. तरीही तो अधिकार कागदावर राहिला नाही, हे या प्रकल्पाच्या शिस्तीचे मोठे लक्षण मानायला हवे.

सामाईक मालमत्तेचा प्रश्न

1968 मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने मांडलेला सिद्धान्त अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. सामाईक कुरणात प्रत्येक जण आपले एक जनावर वाढवतो, कारण नफा त्याचा एकट्याचा आणि कुरणाचे नुकसान सर्वांत वाटलेले. शेवटी कुरण उजाड होते. यालाच सामाईकाची शोकांतिका म्हटले गेले. पुऱ्याच्या अनुभवावरून रेड्डींनी याच्या उलट बाजू दाखवली आणि तिला सामाईकाचे वरदान म्हटले. त्यांचे म्हणणे असे की पुऱ्यात असहकार करणाऱ्याला फारसे काही मिळत नव्हते, कारण शेण न देऊन तो फार तर पाटी वाहण्याचा त्रास वाचवी. पण संयंत्र थांबले तर त्याच संध्याकाळी त्याच्याही घरात अंधार होई आणि सकाळी नळ कोरडा राही. बायकोला आणि मुलींना पुन्हा तळ्यावर जावे लागे. सामूहिक हिताकडे दुर्लक्ष करण्याची किंमत प्रत्येक घराला त्या दुर्लक्षातून मिळणाऱ्या फायद्यापेक्षा कितीतरी जास्त पडत होती, आणि ती लगेच पडत होती.

हा युक्तिवाद गावकऱ्यांच्या सद्‌भावनेवर किंवा एकजुटीच्या भाषणांवर अवलंबून नाही, म्हणून तो मला भक्कम वाटतो. पुऱ्याचे लोक इतर गावांपेक्षा वेगळे होते असे मानण्याचे कारण नाही. त्याच गावात, त्याच लोकांत, स्वयंपाकाच्या गॅसचा बेत फसला होता. फरक पडला तो गॅसच्या वापरात. चुलीचा गॅस घराघरांत वाटून संपतो आणि एकाला जास्त मिळाला तर दुसऱ्याला कमी पडतो. पाणी आणि दिवे मात्र एकाच इंजिनातून सर्वांना एकदम मिळतात किंवा कोणालाच मिळत नाहीत.

खर्चाची बाजू आणि रिकामे तास

आर्थिक बाजूने पुऱ्याची एक उणीव पहिल्यापासून उघड होती. इंजिन दिवसातून सुमारे चार तास चाले आणि उरलेले वीस तास उभे असे. संयंत्राचे बांधकाम, इंजिन, तारा, नळ यांवरचे व्याज आणि घसारा, तसेच दोन कामगारांचे पगार, हा खर्च इंजिन चार तास चालले तरी तेवढाच आणि पंधरा तास चालले तरी जवळजवळ तेवढाच राहतो. त्यामुळे युनिटमागचा खर्च चार तासांवर फार जास्त दिसतो आणि तास वाढतील तसा झपाट्याने खाली येतो. तास पुरेसे वाढले तर गावातली ही वीज मोठ्या केंद्रातून दूरवर वाहून आणलेल्या विजेच्या तोडीस येते, असे रेड्डी आणि त्यांचे सहकारी पी. राजबापैया व एस. जयकुमार यांचे गणित होते. गॅसही त्यासाठी उपलब्ध होता, कारण दिवे आणि पाणी यांना सव्वा टन शेणाची गरज लागतच नव्हती.

दिवसाचे तास भरायला गावात विजेचे दुसरे गिऱ्हाईक हवे होते. पिठाची गिरणी हे त्याचे सरळ उदाहरण आहे; नाचणी रोजच्या जेवणात असलेल्या भागात दळण रोजचे असते. परंतु गिरणी चालवायची म्हणजे ती कोणाच्या मालकीची, तिचा दर काय, ती सकाळी चालली आणि संध्याकाळी गॅस कमी पडला तर जबाबदार कोण, हे सगळे प्रश्न पुन्हा उभे राहतात. दिवे आणि पाणी सर्वांचे असतात, गिरणी किंवा शेतपंप एखाद्याचा असतो. जी रचना सामाईक सेवेवर उभी आहे तिच्यात खासगी गिऱ्हाईक सामावून घेण्याचे काम यंत्राच्या जोडणीपेक्षा अवघड आहे, आणि माझ्या वाचनात याचे पूर्ण समाधानकारक उत्तर आलेले नाही. त्याच तालुक्यातल्या होसहळ्ळी गावात 1988 पासून लाकडाच्या वायूवर चालणारा वीजसंच याच संस्थेने उभारला, त्यात दिवे, पाणी, दळण आणि सिंचन असे भार टप्प्याटप्प्याने जोडले गेले. शेण मोजके असते, लाकूड लावून वाढवता येते, हा त्यातला मुख्य फरक.

पंजाबात लुधियानाजवळच्या हैबोवाल येथे 2004 च्या सुमारास उभारलेला प्रकल्प पुऱ्याशेजारी ठेवला की शेणाच्या मालकीचा मुद्दा स्पष्ट होतो. तेथे दुग्धव्यावसायिकांच्या वसाहतीतले रोज 235 टन शेण वापरून 1 मेगावॅटचा संच चालवण्याची योजना होती. टनामागे किलोवॅट काढले तर दोन्ही ठिकाणी आकडा चारच्या आसपास येतो. पण हैबोवालमध्ये शेण एकाच जागी साचलेले होते आणि ते नाल्यात जाऊन त्रास देत होते. ते उचलून नेणाऱ्याचे आभारच मानले गेले असते. पुऱ्यात प्रत्येक पाटीला मालक होता, शेत होते आणि परतीची मुदत होती.

पुऱ्याची व्यवस्था कायमची टिकली नाही. तिच्यातून काय शिकायचे याचा वेगळा आढावा रेड्डींनी 2004 मध्ये घेतला, आणि 2006 मध्ये त्यांचे निधन झाले. तिच्या कच्च्या जागा तिच्या रचनेतच दिसतात : दोन पगारी माणसांवरचे पूर्ण अवलंबन, बाहेरून आणावे लागणारे डिझेल आणि वीस रिकामे तास. जी संस्था तंत्रज्ञान घेऊन आली तिचा आधार हळूहळू काढून घेताना तो कोणाच्या हाती सोपवायचा, हा प्रश्नही त्यांत येतो.

2018 मध्ये केंद्र सरकारने ‘गोबरधन’ योजना सुरू केल्यापासून गाव आणि जिल्हा पातळीवर सामुदायिक बायोगॅसची चर्चा महाराष्ट्रातही पुन्हा होऊ लागली आहे. एखाद्या ग्रामपंचायतीसमोर असा प्रस्ताव आला, तर संयंत्राचा आकार ठरवण्याआधी उन्हाळ्यात एक आठवडा आणि पावसाळ्यात एक आठवडा प्रत्येक गोठ्यात प्रत्यक्ष हाती लागणारे शेण तोलून लिहून काढावे, पशुगणनेच्या आकड्याला 10 किलोने गुणून समाधान मानू नये. ऊसपट्ट्यात जनावरे गोठ्यातच बांधलेली असतात आणि संकरित गाय भरपूर शेण देते, तेथे आकडा पुऱ्याच्या कितीतरी पुढे जाईल. माणदेशात किंवा कोकणात चरायला सोडलेल्या गुरांचा आकडा पुऱ्याच्या जवळपास राहील. मग त्या शेणाचा गॅस किती, तो गावातल्या सगळ्या घरांना कोणत्या कामासाठी पुरतो आणि मळी कोणाच्या डोक्यावरून कोणत्या शेतात परत जाणार, हे त्या वहीतल्या आकड्यांवरून ग्रामसभेत वाचून दाखवता येईल.